पाळण्याच्या खांबावरचे हात

मला सजावटीचं वेड लहानपणापासून. कात्री आणि रंगीत कागद हातात आला की मला कुणी थांबवायचं नाही, आणि थांबवलंच तर माझं तोंड सुटायचं. येरमाळ्यापासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात मी मुलींच्या शाळेवर बाई होते. राहायला थोरल्या भावाच्या घरी. गावात चांगली शहाणीसुरती माणसंसुद्धा माझ्या तोंडाला टरकून असत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते माझ्याच हातून झालं.

महाराष्ट्र होऊन एखाद-दोन वर्षं झाली असतील. चैत्रात आमच्या देवीची पाच दिवस जत्रा भरायची आणि तिच्यात परंड्याहून एक चाचा लाकडी रहाटपाळणा घेऊन यायचे. दोन उभे खांब, मधे आडवा कणा, बसायला चार पेट्या, आणि फिरवायचा हातानं. आज तुम्ही हसाल. पण लोहाऱ्याकडं दिलेल्या लेकीसुद्धा जत्रेला माहेरी यायच्या, आणि आल्या की आधी देवी, मग पाळणा.

त्या पाळण्याची एक रीत होती. पहिली फेरी सुटायच्या आधी गावातलं एक लेकरू निवडायचं. आमच्या रानात चुनखडी पैशाला पासरी. ती भाजून, विरवून, त्यात डिंक आणि गूळ घालून चाचा दाट चुना करायचे. लेकराचा उजवा पंजा त्यात बुडवायचा आणि खांबावर दाबायचा. त्या लेकरानं पाळणा धरला, आता वर्षभर कुणी पडत नाही, असं सगळे मानायचे. जत्रा उठली की चाचा खांब गोणपाटात गुंडाळून परंड्याला न्यायचे आणि पुढच्या चैत्रात तेच खांब परत उभे करायचे. निजामाच्या राज्यापासूनचे चोवीस पंजे त्या खांबांवर होते. मिशा फुटलेले बाप्ये आपल्या पोरांना उचलून दाखवायचे, "ह्यो बघ, ह्यो माझा!" काही हातांची माणसं राहिली नव्हती. एक पटकीत गेलं होतं. एक कुटुंब निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीच्या साली गाव सोडून गेलं ते परत आलंच नाही. त्या हातांकडं कुणी बोट दाखवत नसे.

चोविसावा हात माझ्या भाचीचा, थोरल्या भावाच्या मुलीचा. तोवर सगळे मुलगेच घेतलेले. पोरीचा हात कशाला, म्हणून कुरकुर झाली, तेव्हा मी पारावर जाऊन बाप्यांशी भांडले. जिंकले. सहा वर्षांची होती. तिचं मनगट धरून मीच तो पंजा खांबावर दाबला. त्याच साली दिवाळीच्या तोंडावर तीन दिवस ताप आला आणि ती गेली.

घरात तिचा एक फोटो नव्हता. फोटो काढायचा तर धाराशिव गाठायचं, आणि सहा वर्षांच्या पोरीसाठी तेव्हा कोण जात होतं? तिचे कपडे रीतीप्रमाणे देऊन टाकले. वहिनी त्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत. संक्रांतीच्या सुमाराला एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "वन्सं, जत्रा आली की मला तेवढं पाळण्यापाशी न्या. तिचा हात हाय तिथं. एकदा हात लावून येते."

"नेते की," मी म्हटलं.

आणि चैत्रात चाचा आले तेच छाती फुगवून. "बाई, पचीस साल झाले. यंदा कायतरी शान पाहिजे."

झालं! मला तेवढंच पाहिजे होतं. शाळेतल्या मुली कामाला लावल्या. गुलाबी पतंगी कागद आणवला, बेगडाच्या चांदण्या कापल्या, घंगाळभर पिठाची खळ शिजवली. जत्रेच्या आदल्या दिवशी आम्ही दोन्ही खांब खालपासून वरपर्यंत गुलाबी करून टाकले. एका मुलीनं विचारलं, "बाई, हात झाकतेत की." मी तिच्यावरच खेकसले, "पाच दिवसांनी काढायचाच आहे ना कागद? तोवर आत नीट राहतील." यंदाच्या लेकराचा हातही शेवटच्या दिवशी कागद निघाल्यावर घ्यायचा, असं ठरवून टाकलं. यंदा पाळणा कुणा लेकरानं न धरताच फिरणार होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. भाचीचा हात मी माझ्या हातानं झाकला आणि वहिनींना दिलेला शब्द मला त्या वेळी आठवलासुद्धा नाही. देवीशपथ सांगते, आठवला नाही.

पहिल्याच दिवशी गाव दुभंगलं. निम्मे म्हणाले, "लई झकास! सोलापूरला असला पाळणा न्हाय." निम्मे म्हणाले, "ह्ये काय लग्नाचा मांडव हाय व्हय? आमचं हात कुठायत?" माहेरी आलेल्या लेकी नटव्या पाळण्यावर खूष, आणि त्यांचे भाऊ, ज्यांचे हात आत होते, ते नाराज. सख्खे भाऊबहीण रेवड्यांच्या दुकानासमोर कडाकडा भांडताना मी पाहिलेत. मी अर्थातच झकासवाल्यांची पुढारी.

दुपारी वहिनी आल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा बाहेर पडलेल्या, डोईवरचा पदर दोन्ही हातांनी धरलेला. खांबासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कुठं हाय?"

तेव्हा मला माझा शब्द आठवला. मी बोट दाखवलं. "हितं. आत आहे."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, "निघंल न्हवं?"

"निघेल की. न निघायला काय झालं?"

तिसऱ्या दिवशी एका तरण्या शेतकऱ्याचा धीर सुटला. त्याचा हात दुसऱ्या सालचा. आपल्या लेकाला दाखवायचा म्हणून त्यानं कागदाचं टोक धरून फर्रकन ओढलं. कागदाबरोबर चुना आला. खळीनं चुना धरून ठेवला होता आणि लाकूड सोडून दिलं होतं. खांबावर दोन बोटं नसलेला पंजा राहिला, आणि खाली मातीत पांढरी भुकटी. त्या दिवशी त्या माणसानं उजव्या हाताची मूठ उघडली नाही. पान खाल्लं तेही डाव्या हातानं.

मग गंमत बघा, सगळं गाव उलटं फिरलं. काल "उघडा, उघडा" करणारे आज "खबरदार कागदाला हात लावाल तर" म्हणायला लागले. आणि झकासवाले म्हणायला लागले, काढून टाका एकदाचं ते. त्याला कारण होतं. चैत्राच्या उन्हात खळ वाळली, कागद ताणला, आणि आतले हात वर आले. उन्हं कलली, तिरपा उजेड खांबांवर पडला की गुलाबी कागदाखाली एकेक पंजा फुगून दिसायचा, पाच बोटांसकट. आत तेवीस नीट आणि बाहेर उघडा पडलेला एक तुटका. आधी नुसते हात होते, रोजचे. झाकल्यावर ते कुणाचे तरी झाले. लेकरं पेटीत बसायला रडायला लागली. बायका लांबूनच नमस्कार करून जायच्या. चौथ्या दिवशी पाळणा रिकामाच उभा होता. वारा आला की कुणी हात न लावता पाव फेरा फिरायचा, कुरकुरायचा, आणि थांबायचा. चाचा खांबांकडं पाठ करून बसले होते. मला म्हणाले, "बाई, यंदा याला कुणी धरलंच नाही ना." मी त्यांना गप्प बसवलं. पण संध्याकाळी मी त्या बाजूनं घरी गेले नाही, देवळामागनं वळसा घालून गेले. भूतबित मी मानत नव्हते. तरी गेले.

कागद तसाच ठेवता येणार नव्हता. खळीत मोरचूद घालायचं मला सुचलं नव्हतं, आणि पिठाचा वास लागला की वाळवी परंड्याला पोचेपर्यंत खांब पोखरणार. चाचांचं सगळं पोट त्या दोन लाकडांवर. म्हणजे पाचव्या दिवशी कागद निघणार आणि त्याबरोबर माझ्या भाचीचा हात भुकटी होऊन मातीत पडणार. वहिनींना हे सांगायचं कुणी? मीच सांगितलं. चुलीपाशी उभं राहून, भिंतीकडं बघत.

त्या बराच वेळ पीठ मळत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. मी येते. मीच काढते."

शेवटच्या दिवशी दुपारी वहिनी तांब्याभर कोमट पाणी घेऊन आल्या. गावातली निम्मी माणसं गोळा झाली होती, पण कुणी जवळ येईना. त्यांनी पदराचं टोक भिजवून त्या जागेवर धरलं. कितीतरी वेळ धरलं. मग वरच्या कडेखाली नख घालून, तव्यावरची भाकरी सोडवावी तसा तो कागद हळूहळू सोडवला.

कागद निघाला. खांबावर काही नव्हतं. नुसतं काळं, ओलं लाकूड.

गर्दीतनं कुणीतरी "अगाई गं!" म्हणालं. मी तिथंच मटकन खाली बसले. "वहिनी, मी घालवला हो तिचा हात. मीच घालवला." मी त्यांचे पाय धरले आणि लहान पोरासारखी रडले. मला रडताना गावानं कधी पाहिलं नव्हतं.

"थांबा वन्सं," त्या म्हणाल्या. त्यांनी कागद उलटा केला.

पंजा कागदाच्या आतल्या अंगाला होता. सबंध. एक चरा नाही, बोटांची पेरंसुद्धा तशीच. वहिनींनी तो कागद दोन्ही हातांत उभा धरला आणि बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अंगठा बघा."

खांबावर अंगठा डावीकडं होता. मीच दाबला होता, मला पक्कं ठाऊक. आता तो उजवीकडं होता. यात नवल काही नाही, उलट्या बाजूनं पाहिलं की असं दिसणारच, मुलींना मी शाळेत शाईचे ठसे काढून हेच शिकवते. पण तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"खांबावर हुती तवा तिकडं तोंड करून हुती," वहिनी म्हणाल्या. "आपल्याला पाठ दिसायची. आता इकडं वळलीय." आणि त्यांनी आपला डावा तळवा त्या पंजावर टेकवला. समोर उभ्या असलेल्या लेकराच्या तळव्याला तळवा लावावा तसा तो बरोबर बसला.

बाकीच्या हातांचं काय झालं, किती निघाले, किती गळले, ते मी बघायला थांबले नाही. वहिनी कागद तसाच उभा धरून जत्रेतनं चालत निघाल्या. माणसं बाजूला होत गेली. मी मागनं चालले, मान खाली घालून, कारण वर पाहिलं असतं तर त्यांच्या खांद्यावरून तो हात मला दिसला असता. वाटभर त्या हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. माझ्याशी नव्हे.

घर आलं. उंबऱ्यापाशी त्या थांबल्या, एका अंगाला सरकल्या आणि दारात एका लेकराला जाता येईल एवढी जागा सोडून उभ्या राहिल्या. थोडा वेळ गेला. मग माझ्याकडं वळून अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चला वन्सं, आता आपण."