दोन बोटं वर

रुग्णालयात तिला सगळे 'फूटपट्टी' म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला माहीत आहे.

बाविसाव्या वर्षी ती तळमजल्यावर ईसीजी काढायची. छातीत जळजळतंय म्हणून आई आली. आई शिवणकाम करणारी. ईसीजीची पट्टी लेकीनेच काढली, स्वच्छ निघाली. "पित्त असेल, जा घरी," ती म्हणाली. चौथ्या दिवशी आई शिलाई मशीनवर बसल्या बसल्या गेली. पट्टीला का कळलं नाही, या एका प्रश्नापायी तिने नोकरी सांभाळून पदवी घेतली, मग डॉक्टरेट, आणि चाळिशीनंतर तिसऱ्या मजल्यावर हृदयरोग संशोधनाची स्वतःची खोली मिळवली.

सहा वर्षांत चारशे बारा बायकांच्या पट्ट्यांतून तिला एक खूण सापडली. पुढे ज्यांना हृदयाचं दुखणं होणार, त्यांच्या पट्टीवर एक लाट आधीच उलटी पडते, असं दिसत होतं. निबंध छापायला जाणार, त्याच आठवड्यात एक पट्टी पुसट आली म्हणून ती खाली गेली. तिथली तंत्रज्ञ तिच्याच हाताखाली तयार झालेली. पेशंटचा कपडा न हलवता तिने छातीवर ईसीजीच्या वायरची चकती चिकटवली.

"एवढी वर? दोन बोटं खाली हवी."

"बायका संकोचतात, मॅडम. तुम्हीच तर असं शिकवलंत!"

'फूटपट्टी'ने स्वतः चकती खाली घेऊन पट्टी पुन्हा काढली. लाट सरळ आली. चकती वर सरकली की धडधाकट बाईचीही लाट उलटी पडू शकते, आणि आजारी बाईची सरळ दिसू शकते.

"अहो, हातातोंडाशी आलेला घास!" विभागप्रमुख म्हणाले. "छापू द्या, मागाहून बघू."

"सर, माप चुकलं की आई शिवण उसवायची. गिऱ्हाइकाला पोट आत घ्या म्हणायची नाही."

निबंध मागे घेतला. खोलीत जाड पडदा लागला. साऱ्या जणींना परत बोलावलं. तीनशे ऐंशी आल्या. बोटांनी बरगड्या मोजत प्रत्येकीची पट्टी तिने स्वतः काढली. अकरा महिने लागले. खूण टिकली ती फक्त एकोणीस जणींत. नवं काम त्या एकोणिसांवर उभं आहे.

पट्ट्या काढायच्या शेवटच्या दिवशी त्या तंत्रज्ञ मुलीने भीत भीत विचारलं, "मॅडम, तुमच्या आईंची पट्टी?"

"तीही दोन बोटं वरच," ती म्हणाली. "चल, पुढच्या बाईंना आत घे."