धुपाचे खडे वेचता येतात

मरायच्या नऊ दिवस आधी सिपोरामावशीने मला हॉस्पिटलच्या बेडवरून झापलं.

शेजारच्या बेडवरच्या बाईला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी तिने घाबरून पडदा ओढून घेतला.

कारण मी मावशीचा क्लास बंद करायला निघाले होते.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी: ती माझी सख्खी मावशी नव्हे, ठाण्याची आईची शेजारीण. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. टोरांटोत तर आम्ही मूठभरच. मावशीने जन्मभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलं आणि रिटायर झाल्यावर नॉर्थ यॉर्कमधल्या एका विद्वान बाईंकडे तालमुद शिकायला लागली.

तालमुद म्हणजे आमच्या धर्मशास्त्रावरचा जुना, अवाढव्य वादविवाद. आमच्या आज्यांनी तो लांबूनसुद्धा पाहिला नव्हता.

सहा वर्षं शिकली. मग म्हणाली, "आता मी शिकवणार."

दर मंगळवारी सकाळी दहाला, तिच्या कॉन्डोत, डायनिंग टेबलाभोवती आम्ही सात बायका. मी ऑफिसच्या कॅलेंडरवर तेवढा वेळ 'डेंटिस्ट' लिहून ब्लॉक करायचे. हिला दात तरी किती, असं ऑफिसला वाटत असेल.

विषय: यरुशलेमच्या मंदिरातली अर्पणं. पीठ किती, तेल किती, याजकाने मूठ कशी भरायची.

ते मंदिर पडून दोन हजार वर्षं होत आली.

आमच्या समाजातले एझराकाका एकदा सणाच्या जेवणात सगळ्यांसमोर म्हणाले, "सिपोरा, मंदिर नाही, वेदी नाही. बायकांनी हे शिकून करायचंय काय? त्यापेक्षा चार रेसिपीज शिकव."

मावशीने त्यांच्या ताटात आणखी एक वडा वाढला. "तेच शिकवते. पीठ, तेल, मूठ. तुम्हाला येतं?"

काका वडा खायला लागले.

ती परातीत रवा ओतायची. "अंगठ्या काढा." हात आणि पीठ यांच्यामध्ये काही येता कामा नये. मधली तीन बोटं तळहातावर मिटायची, अंगठ्याने आणि करंगळीने बाहेर आलेलं पीठ सारखं करायचं. कमी चालत नाही, जास्त चालत नाही. जन्मभर अंदाजपंचे स्वयंपाक केलेल्या आम्ही बायका, एकीलाही धड जमेना.

"आजी, why is there rava in the carpet?" नात लेआ विचारायची.

"होमवर्क," मावशी म्हणायची.

एका रविवारी सकाळी मी ड्राइव्हवे शोव्हल करत होते. मावशीचा फोन.

"शुला, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं."

"कधी?"

"तीन वर्षांपूर्वी."

मी फावडं बर्फात रोवून उभी राहिले.

गरिबाने पापाबद्दल आणलेल्या पिठात तेल घालायचं नाही आणि त्यावर धूपही ठेवायचा नाही, असा नियम आहे. चुकून ठेवलाच, तर? दोन्ही वेळा अर्पण बाद, असं तिने आम्हाला सांगितलं होतं.

"तेलाचं बरोबर आहे," ती म्हणाली. "आपण शनवार तेली, शनिवार सोडून घाणा चालवणाऱ्यांची पोरं. तेल पिठात मुरलं की परत निघत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण धुपाचे खडे वरच राहतात गं. ते वेचून काढता येतात. पीठ चालतं. वहीत खोड आणि नीट लिही."

"मावशी, मंगळवारी सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

"तोवर तू दुसऱ्या कोणाला सांगितलंस तर?"

त्या सकाळी तिने सातही जणींना फोन केले.

मग ती आजारी पडली. हॉस्पिटलला जाताना पुस्तकं माझ्या हातात देऊन म्हणाली, "मंगळवार चुकवायचा नाही."

पहिल्याच मंगळवारी मी माती खाल्ली. मूठभर पीठ वेदीवर जाळायचं आणि उरलेलं याजकांनी खायचं, असा नियम. याजकाचं स्वतःचं अर्पण मात्र सगळं जाळायचं. मी तोच नियम सगळ्यांना लावून टाकला. आमच्यातली सगळ्यात लहान रूथ, तिने हळूच पान पुढे केलं. "शुलाताई, हे बघता का जरा?"

तिचं बरोबर होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन ग्रुपवर मेसेज टाकला: क्लास बंद, until further notice.

दुसऱ्या दिवशी बेडवरून ते झापणं.

"एक चूक झाली म्हणून बंद?"

"मी तुझ्यासारखी नाही गं मावशी. मी धर्माचं चुकीचं शिकवलं!"

"आणि मी नव्हतं शिकवलं? तीन वर्षं चुकीचं घेऊन बसले होते! सहा नंबर आहेत ना तुझ्याकडे?"

"आहेत."

"मग वेचून काढ. मुरायच्या आत."

आणि त्याच श्वासात, "नर्सला सांग, याला चहा म्हणत नाहीत."

मी कॉरिडॉरमध्ये उभं राहून सहा फोन केले.

ती गेल्यापासून एकही मंगळवार चुकलेला नाही. आता मावशीच्याच कॉन्डोत आम्ही अकरा जणी जमतो. त्यात एझराकाकांची सून आहे. काकाच तिला सोडायला येतात आणि क्लास संपेपर्यंत खाली लॉबीत बसून राहतात. वर या म्हटलं तर म्हणतात, "पार्किंग बरोबर नाही."

आज सकाळी पुस्तक उघडलं, तर कळलं की गेल्या मंगळवारी मी पुन्हा एक गोष्ट चुकीची सांगितली.

ही पोस्ट लिहायच्या आधी दहा फोन केले.

दहावा काकांनी उचलला. सून बेसमेंटमध्ये लाँड्री करत होती. "मला सांग, मी निरोप देतो."

मी सांगितलं. काय चुकलं, बरोबर काय.

काका म्हणाले, "थांब. पेन घेतो."

मावशी, वेचून काढलं गं.

तुझ्या आठवणीने आमचं भलं होवो. मंगळवारी दहाला क्लास आहे.