मांडीवरची डिस्क

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नारळ खवत होते. "हे गेले गो..." एवढंच ती केळशीहून म्हणाली. पुढे कितीतरी वेळ मला फक्त बोटांना चिकटलेल्या ओल्या खोबऱ्याचा वास येत राहिला. माझा थोरला भाऊ, दादा, गेला त्याला आज सात आठवडे झाले.

दादा जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. निवृत्तीनंतर केळशीच्या पडवीत बसून तो लोकांनी टाकलेल्या संगणकांवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घाली. तारांना डाख देताना उठणारा राळेचा धूर आणि वाळत घातलेली आमसुलं यांचा मिळून एक आंबूस-कडवट वास त्या पडवीला होता. नव्या डिस्कचे भाग पाडायला त्याने मला तिथेच शिकवलं. "कोरी डिस्क म्हणजे आपला कातळ, बाय. आधी गडगा घालायचा, हद्द ठरवायची. मग आत वाफे, ती फाइलसिस्टिम. त्याशिवाय रोप लावशील कुठे?" भाग पाडताना डिस्कवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून त्याचा एक रिवाज असे. जी डिस्क पुसायची नाही, ती यंत्रापासून सोडवून तो माझ्या मांडीवर ठेवी. "धर घट्ट. बसल्या जागची उठू नको." पडद्यावर नावं दिसतात की, असं मी हसून म्हणे. "नावं बदलतात गो. आजची पहिली उद्या दुसरी. मांडी बदलत नाही."

माझ्या मांडीवर नेहमी येई त्या डिस्कवर आईची गौरीची गाणी होती. आई जाण्याच्या आदल्या वर्षी दादानेच ध्वनिमुद्रित केलेली. मधेच त्याचा आवाज येई, "आई, थांब, पंखा बंद करतो." मग मंदावत जाणारी पाती, आणि त्या शांततेत आईचा श्वास... दादाचा आवाज म्हणून एवढाच उरला होता. दुसऱ्या प्रतीसाठी त्याने हुबेहूब तशीच नवी डिस्क आणली होती. "तुझ्या कवितावाचनाच्या चित्रफितीच जागा खातील. आईला बिचारीला कोपरा पुरे," असं चिडवलंही होतं. प्रत मात्र राहून गेली.

तेराव्यानंतर वहिनीने दोन्ही डिस्क माझ्या हाती दिल्या. रत्नागिरीला परतल्यावर एका दुपारी मी त्या एकदमच जोडल्या, आणि पडद्यावर पहिली दिसली तीच नवी समजून तिचे भाग पाडायला घेतले. समोर धरायला कुणी नव्हतं, आणि तो रिवाज एकटीनेही पाळता येतो हे मला सुचलं नाही. हिच्यावर आधीचं काही आहे, पुढे जायचं का, असं यंत्राने विचारलंही. दादा दाबी तशीच मी होकाराची कळ दाबली. त्याला ती बिनघोर दाबता येई, कारण जपायचं ते माझ्या मांडीवर असे.

मग तिच्यावर आधी माझी कवितावाचनं भरली, काठोकाठ. गाणी आणायला दुसरी डिस्क उघडली... ती कोरी होती. आईच्या गाण्यांवर, दादाच्या त्या एका वाक्यावर मी माझा आवाज लिहिला होता. इथल्या एका जाणकाराने ती दोन दिवस ठेवून घेतली आणि नजर न उचलता परत दिली.

काल वहिनीचा फोन आला. "गाणी ऐकलीस का गो? मलाही पाठव. यांचा आवाज आहे ना त्यात..." पाठवते, म्हटलं मी. हे लिहिते आहे ते छापून येण्याआधी, तिला समोर बसून सांगायला, मला केळशीला जायला हवं.

ती डिस्क मी आता यंत्राला जोडत नाही. संध्याकाळी मांडीवर घेऊन बसते, घट्ट धरून. बसल्या जागची उठत नाही.