उसाचं झिंक, पोराचं झिंक

राजारामपुरीतल्या मुलांच्या दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे. अ‍ॅलर्जीवाल्या पोरांनी काय खायचं, काय नाही, हे लिहून देणं माझं काम. मी लिहिते एक आणि घरी होतं भलतंच! त्यामुळे किस्से इतके साठतात, की रात्री घरचे म्हणतात, "आधी जेव, मग सांग."

*

एका आईला पोराचं अंडं बंद करायला सांगितलं होतं. महिन्यानं पोराच्या अंगावर पुन्हा गांधी उठल्या!

"अंडं दिलंत का?"

"छे हो मॅडम! अंड्याला हात न्हाय लावू दिला."

"मग काल काय खाल्लं त्यानं?"

"केक."

"अहो, केकमध्ये अंडं असतं!"

"त्यात ते कुठं दिसतंय, मॅडम?"

*

कसबा बावड्याचे आबा. गोठ्यात आठ म्हशी आणि तीन वर्षांच्या नातवाला, विराजला, दुधाची अ‍ॅलर्जी! घोटभर पोटात गेलं की ओठ सुजायचे, धाप लागायची. आबांना हा घराण्याचा अपमान वाटायचा.

दूध बंद, बाकी खाण्यात नखरे. रक्तात झिंक कमी निघालं. झिंक कमी पडल्यानं अ‍ॅलर्जी बळावते का, यावर मोठ्या डॉक्टरांचंही अजून एकमत नाही, पण वाढत्या पोराला ते हवंच. समजवायला मी तक्ता काढला, तर आबाच म्हणाले, "आवो, उसाची पानं पिवळी पडली की झिंक टाकतोय की आमी! सरळ सांगा की, पोराला खत कमी पडलंय!"

तो तक्ता मी पुन्हा काढला नाही. आता सगळ्यांना उसाचंच उदाहरण देते.

*

पुढच्या खेपेला आबांनी पिशवीतून किलोचा पुडा काढला. म्हशींचं मिनरल मिक्श्चर!

"ह्यात झिंक, तांबं, समदं हाय. आमच्या म्हशीनं दोन लिटर वाढवलं!"

"आबा, विराजनं काय वाढवायचंय?"

पुडा गुपचूप पिशवीत गेला आणि डॉक्टरांनी मोजून घ्यायचं सिरप लिहून दिलं.

*

दवाखान्यात चहा मालनमावशी करतात. आबा दर वेळी कोराच मागायचे.

"आठ म्हशींचा मालक आणि कोरा चहा?" मावशी चेष्टा करायच्या.

"पित्त हाय."

आबांची सूनबाई, विराजची आई, हळूच माझ्या कानाशी म्हणाली, "पित्त कुठलं! विराजचं दूध बंद व्हायच्या आधी तांब्याभर दूध एका दमात प्यायचे."

*

दीड वर्षानं विराजच्या तपासण्या चांगल्या आल्या. डॉक्टर म्हणाले, थेंबाथेंबानं दूध देऊन बघू. पण दवाखान्यातच, इंजेक्शन तयार ठेवून. हे घरी कधीच करायचं नसतं.

पहिला चमचा. थांबलो. मग दुसरा. आबांची नजर विराजच्या ओठांवरून हलत नव्हती. दुपारपर्यंत पेला संपला. ओठ सुजले नाहीत, धाप लागली नाही. पांढऱ्या मिशीनिशी विराज ओरडला, "आनखी!"

डॉक्टरांनी आणखी दोन तास बसवून ठेवलं, मग हसून म्हणाले, "जमलं!"

सूनबाईनं डोळे पुसत विचारलं, "झिंकनं जमलं, का वय वाढलं म्हणून?"

"आता नक्की कसं सांगायचं?" डॉक्टर म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "ऊस तरी कुठं सांगतोय, खतानं वाढलो का पाण्यानं!"

तेवढ्यात मालनमावशी चहा घेऊन आल्या. आबांपुढं नेहमीचा कोरा कप ठेवला.

आबांनी तो तसाच परत सरकवला.

"मावशी, दूध घाला की!"