मास्तरांचा सा

ऐन कार्यक्रमात पेटीचा भाता फाटला आणि आतून नुसती हवा यायला लागली. माझी नात पहिल्यांदाच स्टेजवर गात होती. ती गप्प झाली. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीचा गणपती, समोर सगळे शेजारी.

पेटीवर तिचे गाण्याचे मास्तर होते. ते आमच्याच खालच्या मजल्यावर राहायचे. मे महिन्यातही गळ्याला मफलर, चहा गार करून पिणार आणि बोलायच्या आधी ‘ऐका’ म्हणणार. एकदा मी त्यांना विचारलं होतं, "हा सा म्हणजे काय हो?"

"षड्ज. ऐका, षड् म्हणजे सहा, ज म्हणजे जन्म. बाकीचे सहा सूर ह्याच्यातून जन्मले."

"सहा मीपण जन्माला घातले. मला कोण विचारतंय?"

"ऐका, आजी. सा जागचा हलत नाही, म्हणून बाकीच्यांना हिंडता येतं."

मला काही ते पटलं नव्हतं.

त्या दिवशी मास्तरांनी पेटी बाजूला सारली, मफलर काढला आणि नुसता सा लावून धरला. श्वास घ्यायचे, की पुन्हा तोच सा. मानेच्या शिरा फुगल्या. त्या सुरावर नात परत गायला लागली.

पुढचं गाणं मास्तरांचं स्वतःचं होतं, वर्षातलं एकच. आवाज बसल्यामुळे ते झालं नाही. नात मात्र पूर्ण गाऊन खाली उतरली.