राधाबाई खोलीवर आल्या

सुंदराबाई परळच्या गिरणीत, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर लालबागला गोळीबार झाला, त्यात तिचा नवरा भिवा गेला आणि तिची झोप उडाली. वर्ष सरता सरता चाळीनं बौद्ध धम्म घेतला. तिनंही कोनाड्यातले देव समुद्रात सोडले.

पुढं त्याच आंदोलनाच्या मोर्चात तिला अटक झाली. कोठडीत शेजारी दादरच्या राधाबाई होत्या, शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या.

"झोप येत नाही म्हणता, तर एक लहानसं उपनिषद आहे," त्या म्हणाल्या. "जागेपण, स्वप्न, गाढ झोप आणि या तिन्हींपलीकडची चौथी अवस्था. ती उमगली की माणूस मोकळा होतो म्हणतात. सुटल्यावर घरी या."

सुंदराबाईला लगेच संशय आला. तिच्या आज्याला देवळाच्या पायरीवरही उभं करत नव्हते, आणि आता उपनिषद ऐकायला घरी बोलावणं? धर्म सोडला म्हणून परत ओढायला बघते ही बाई. पण झोपेची गोष्ट मनातून जाईना.

ती दादरला गेली. चहा आला तो कान तुटलेल्या कपातून. सगळेच कप तसे की हा आपल्यासाठी वेगळा काढलेला, ते तिला कळेना. तरी उपनिषद थोडं थोडं ऐकायला ती अधूनमधून जाऊ लागली.

इकडे चाळीच्या पंचायतीचा गुणाजी विचारू लागला, "दादरला काय असतं, वहिनी?"

"मैत्रीण आहे."

"बामणाघरची?"

तेव्हापासून ती नळावर गेली की बायका गप्प व्हायच्या. शेवटी ती राधाबाईंना म्हणाली, "पुढचं माझ्या खोलीवर येऊन सांगा."

येणार नाहीत, अशी तिची खात्री होती. रविवारी दुपारी राधाबाई आल्या. माठातलं पाणी स्वतः घेऊन प्यायल्या. गुणाजी हाताची घडी घालून उंबऱ्यावर बसला.

"आम्ही आत्मा मानत नाही," तो मध्येच म्हणाला.

"मानू नका."

"मग यात तुमचा काय फायदा?"

राधाबाई म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ त्याच दिवसांत गिरगावात गोळी लागून गेला. मलाही झोप नाही. हे वाचते तेवढा वेळ बरं वाटतं."

"आधी का नाही बोललात?" सुंदराबाईनं विचारलं.

"तुम्हाला वाटलं असतं, जवळ करायला सांगते."

वाटलंच असतं. सुंदराबाईनं मान हलवली.

आत्मा तिनं पुढंही मानला नाही. राधाबाई आल्या की गुणाजी उंबऱ्यावर येऊन बसायचाच. पण साठ साली महाराष्ट्र झाला, तेव्हा फुलं त्यानंच आणली. तिघांनी ती आधी लालबागला ठेवली, मग गिरगावात.