विश्रामने न खेळलेला सामना

विश्राम परब गेल्याचं मला त्याच्या तेराव्यानंतर कळलं, तेही लालबागच्या मासळीबाजारात. आमच्या जुन्या चाळीतला एक शेजारी बांगडे पिशवीत घालता घालता म्हणाला, "तुझो दोस्त गेलो ना रे… तुका कोणी कळवल्यानच नाय?" मी आधी त्या शेजाऱ्यावर चिडलो, मग विश्रामच्या मुलावर, आणि घरी पोचेपर्यंत नेहमीप्रमाणे खुद्द विश्रामवर. स्वतःबद्दल चार शब्द सांगायचे म्हणजे या माणसाच्या जिवावर यायचं. जाताना तरी कोणाला तरी सांगून ठेवायचं, की अमक्याला निरोप धाडा. पण नाही.

विश्राम फुटबॉल खेळायचा, इनसाइड लेफ्टला, म्हणजे पुढच्या फळीत डावीकडे. मोठा खेळाडू नव्हता, हे त्याच्या मित्रानेच सांगितलेलं बरं. तिघाचौघांना चकवत चेंडू पुढे नेणं त्याला जमत नसे. दुसऱ्याचा फटका गोलकीपरच्या हातून सुटला की नेमका तिथे विश्राम उभा असायचा आणि चेंडू आत ढकलायचा. त्याचे बहुतेक गोल असेच. ठाकूरद्वारच्या एका वाडीच्या संघात त्याने सुरुवात केली, मग परळची एक गिरणी, मग दुसरी, मध्ये एक वर्ष शिवडीचा गोदीवाल्यांचा संघ, मग पुन्हा गिरणी. त्या काळी गिरण्या खेळाडूंना बदलीवर घेत, म्हणजे कोणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी काम. सकाळी खात्यात राबायचं आणि दुपारी मैदानावर पळायचं. संघाने कप आणला की साहेब खूश होऊन खेळाडूंना कायम करत. नाही आणला तर पुढच्या हंगामात दुसऱ्या गिरणीचं दार. विश्राम सगळ्यांना हवा असायचा, पण त्याच्यावाचून कोणाचं अडत नसे.

आणि त्याला तर कायम व्हायचंच होतं. वहिनी मालवणकडे गावी होत्या आणि हा लालबागला चौदा जणांच्या गाळ्यात. पाळीपाळीने झोपायचे, एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. कायम झाल्याशिवाय खोली नाही, आणि खोलीशिवाय बायकोला मुंबई नाही. हंगाम सुरू झाला की तो म्हणायचा, औंदा होतंय बघ. असं मी चार हंगाम ऐकलं.

पाचव्या हंगामात त्याची गिरणी फायनलला पोचली. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते, आणि फायनलच्याच दिवशी हरताळ पुकारला गेला. साहेबांनी हट्ट धरला की सामना होणारच, गिरणगावात सगळं सुरळीत आहे हे लोकांना दिसलं पाहिजे. मी तेव्हा फोर्टात कारकून होतो आणि चळवळीत चाळीचा कार्यकर्ता. आदल्या रात्री अकराही खेळाडूंच्या घरी मी जाऊन आलो. मुंबई आपल्याला मिळाली नाही तर कप कुठे ठेवणार, वगैरे बरंच बोललो. दहा जणांनी माना डोलावल्या. विश्रामने तेवढी डोलावली नाही. म्हणाला, "तू सांगतस ना, मगे मी खेळूचंय नाय."

हरताळाच्या दिवशी माना डोलावणारे दहाही जण गिरणीच्या गाडीत बसून मैदानावर गेले. विश्राम माझ्याबरोबर मोर्चात चालत होता. परळला मैदानाच्या मागच्या रस्त्यावरून जाताना भिंतीपलीकडून लांब शिट्टी ऐकू आली. त्याचे पाय क्षणभर अडखळले. "हाफटाइम झालो," तो म्हणाला आणि पुन्हा चालू लागला.

गिरणीने कप जिंकला. दहाही जण कायम झाले, आणि विश्रामचं नाव बदलीच्या यादीतूनही गेलं. माझी त्या दिवसाची किरकोळ रजा मात्र बिनबोभाट मंजूर झाली. पुढे राज्य झालं तेव्हा त्याच दहा जणांनी गिरणीच्या दारात गुलाल उधळला, पेढे वाटले. मीही एक खाल्ला. विश्राम तेव्हा शिवडीला गोदामात गोण्या उचलत होता आणि संध्याकाळी तिथल्या संघातून खेळत होता. आणखी तीन संघ झाले, गुडघा गेला, आणि वहिनी मुंबईला आल्या त्या नऊ वर्षांनी. माझा संसार तोवर इथे थाटात चालला होता. एकदा न राहवून मी त्याला विचारलं, माझ्यावर राग आहे का रे? तर म्हणाला, चाय घे, थंड होता हा. मला त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाजारातून कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीवर गेलो. भिंतीवर एक जुना फोटो होता, कप जिंकलेल्या त्या संघाचा. दहा जण ओळखीचे, आणि इनसाइड लेफ्टच्या जागी कोणी भलताच. मला पुन्हा चीड आली. ज्यात आपण नाही तो फोटो कोणी घरात लावतं का? वहिनी म्हणाल्या, दर रविवारी पुसत असत. मग म्हणाल्या, सामन्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी यांना एकट्याला बोलावून सांगितलं होतं. उद्या खेळलास तर कायम, नाही आलास तर गिरणीचं दार बंद. त्या वर्षी शिमग्याला विश्राम गावी गेला, तेव्हा हे त्याने वहिनींना सांगितलं होतं.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"मी खूप भांडलंय तेव्हा," वहिनी म्हणाल्या. "म्हटला, भावोजींका सांगूक काय झाला होता? तर म्हणाले, त्येका सांगितला असता तर तो खेळ म्हणालो असतो. मगे चाळीत त्येचा तोंड लहान झाला असता."

त्या चहा ठेवायला उठल्या. मी फोटोसमोर बसून राहिलो… विश्रामने त्या दिवशी मला खरं सांगितलं असतं, तर मी त्याला खेळ म्हटलं असतं का? तीन आठवडे झाले, रोज स्वतःला हेच विचारतो आहे. तेव्हाचा मी मला चांगला आठवतो. मी म्हटलं नसतं.